काळा पडदा आणि बंद दफ्तर

१/
१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, कारण त्यांचे प्रोसेसर तिच्या मान्य यादीतच नाहीत. धडधाकट यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवावे, असा विचार अनेकांनी केला आणि तो योग्यच होता. त्यांतील काहींनी यंत्र सुरू केले, निर्मात्याचे चिन्ह क्षणभर चमकले आणि पडदा काळा पडला. डाव्या कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

२/
या काळ्या पडद्यावर दोन निकाल ठरलेले आहेत. पहिला: ‘लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड चालतच नाही.’ दुसरा, लिनक्समधल्या जाणत्यांचा: ‘आधी नीट वाचायला काय झाले होते?’ पहिला निकाल प्रणालीला दोषी ठरवतो, दुसरा वापरणाऱ्याला. दोन्ही निकाल कागदपत्रे न पाहता दिलेले आहेत. पडदा काळा पडतो तेव्हा गेल्या पंचवीस वर्षांत घेतलेल्या काही निर्णयांची किंमत वसूल होत असते, आणि निर्णय घेणाऱ्यांना मात्र ती कधी मोजावी लागलेली नाही. हा धागा त्या निर्णयांविषयी आहे.

३/
प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. ग्राफिक्स कार्ड हे स्वतंत्र यंत्र आहे. त्याला स्वतःची स्मृती असते, स्वतःचा प्रोसेसर असतो आणि स्वतःची भाषा असते. ‘हे चित्र पडद्यावर दाखव’ ही साधी आज्ञासुद्धा त्याच्या भाषेत, योग्य क्रमाने, योग्य ठिकाणी लिहावी लागते. हे लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, थोडक्यात, दुभाषा. प्रणालीचा गाभा असलेला कर्नल एक भाषा बोलतो आणि कार्ड दुसरी. दुभाष्याकडे कोश आणि व्याकरण असेल तर काम सुरळीत चालते. ज्याच्याकडे कोश आहे तो देत नाही, इथे या इतिहासाचा आरंभ होतो.

४/
१९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे होता, पण गुप्ततेचा करार केल्याचे सांगून त्याने नकार दिला. स्टॉलमन यांनी ही हकिगत पुढे अनेक व्याख्यानांत सांगितली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी असा एक न मिळालेला ड्रायव्हर आहे.

५/
लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली घोषणा ऑगस्ट १९९१ मध्ये केली. पडद्यावरच्या चित्रांसाठी त्या काळी एक्सफ्री८६ हा प्रकल्प होता. वापरणाऱ्याला मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता स्वतःच्या हाताने एका फाइलीत लिहावी लागे. आकडे चुकले तर जुन्या काचनळीच्या मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा कागदपत्रांत दिलेला असे. ते दिवस सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही. पण तेव्हाची अडचण उघडी होती. आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत छापलेले असत. चूक झाली तर ती शोधून दुरुस्त करता येई.

६/
१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्रिमितीय चित्रे रेखाटणारी कार्डे घराघरांत पोहोचली. थ्रीडीएफएक्स, एटीआय, एनव्हिडिया अशा कंपन्यांत तीव्र स्पर्धा लागली आणि कार्डाची अंतर्गत माहिती हे व्यापारी गुपित ठरले. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘एनव्ही’ नावाचा एक उघडा ड्रायव्हर होता खरा. पण त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत अर्थपूर्ण नावे काढून टाकून केवळ आकडे ठेवलेले होते. संहिता समोर असूनही वाचता येऊ नये, अशी ती तजवीज होती. अस्सल पत्रातील सगळी विशेषनामे खोडून ते संशोधकाच्या हाती द्यावे, तसा हा प्रकार.

७/
२००० साली एनव्हिडियाने लिनक्ससाठी स्वतःचा बंद ड्रायव्हर दिला. न्यायाने सांगायचे तर तो वेगवान होता, आणि लिनक्सवर गंभीर त्रिमितीय काम करू इच्छिणाऱ्यांनी त्याचे स्वागतच केले. पण त्याची एक अट होती: आतले कोणी पाहायचे नाही. लिनक्सचा कर्नल जीपीएल या परवान्याखाली आहे, त्यामुळे असा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेत कधीच सामील होऊ शकत नव्हता. तो कायम बाहेरचा राहिला. ‘बाहेरचा’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण वापरणाऱ्याच्या बहुतेक अडचणी त्याच एका शब्दातून निघाल्या आहेत.

८/
कर्नलमध्ये असे बंद मॉड्यूल चढवले की कर्नल स्वतःच्या नोंदवहीत ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, अशी खूण करतो. ही खूण शिवी म्हणून केलेली नाही. आता बिघाड झाला तर त्याचे मूळ आम्हांला न दिसणाऱ्या भागात असू शकते, आम्ही तपास करू शकत नाही, असा तिचा सरळ अर्थ. अशा यंत्रावरून आलेल्या तक्रारी कर्नलचे विकासक बहुधा बाजूला ठेवतात. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलकडे बोट दाखवतो, कर्नल कंपनीकडे. आणि तक्रारदार कचेरीच्या दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालत राहतो.

९/
आता काळ्या पडद्याची कारणे एकेक करून तपासू. पहिले कारण: कर्नल बदलला, ड्रायव्हर मागे राहिला. कर्नलची अंतर्गत रचना सतत बदलते. मूळ संहितेतले ड्रायव्हर तिच्याबरोबर बदलले जातात; बाहेरचे मॉड्यूल मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते. हे काम आपोआप व्हावे म्हणून डेल कंपनीत डीकेएमएस ही यंत्रणा तयार झाली. पण त्या कर्नलच्या हेडर फाइली यंत्रात नसतील तर बांधणी अपुरी राहते, आणि अद्ययावतीकरणाच्या दुसऱ्या दिवशी पडदा काळा. उपाय सोपा आहे: हेडर बसवून बांधणी पुन्हा करावी, किंवा आरंभीच्या सूचीतून जुना कर्नल निवडावा.

१०/
दुसरे कारण: एका कार्डावर दोन दुभाष्यांचा दावा. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. कंपनीचा ड्रायव्हर बसवताना नूव्होला मनाई करावी लागते. ती मनाई एका फाइलीत लिहितात. पण यंत्र सुरू होताना वापरली जाणारी आरंभिक प्रतिमा, म्हणजे इनिटरॅमएफएस, पुन्हा तयार केली नाही तर मनाईची वार्ता तिथवर पोहोचतच नाही. नूव्हो आधी जागा होतो, कार्ड ताब्यात घेतो आणि मागून आलेला कंपनीचा ड्रायव्हर दारातच थांबतो. प्रतिमा नव्याने बांधली की हा तंटा मिटतो.

११/
नूव्हो कसा जन्मला हे इतिहासाच्या अभ्यासकांनी आवर्जून जाणून घ्यावे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘नवा’. २००५-०६ च्या सुमारास काही स्वयंसेवकांनी ठरवले की कोश मिळत नसेल तर तो तयार करायचा. कंपनीचा बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो, कोणत्या ठिकाणी कोणता आकडा लिहितो आणि त्यावर कार्ड काय उत्तर देते, हे सारे टिपून घेण्याची साधने त्यांनी बनवली. हजारो नोंदी ताडून एकेका आकड्याचा अर्थ लावला. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नल २.६.३३ मध्ये या ड्रायव्हरला स्थान मिळाले.

१२/
महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर सरकारच्या ताब्यात होते आणि दीर्घकाळ संशोधकांना मोकळे नव्हते. त्या काळात इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, खाजगी घरांतील रुमाल सोडवून घेतले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापू लागले. दफ्तरातील निवडक कागदांचे सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंड त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने, १९३० पासून बाहेर पडू लागले. दार बंद होते म्हणून राजवाड्यांच्या इतिहासात त्रुटी राहिल्या असतील, तर त्यांचा जाब राजवाड्यांना विचारणे योग्य होईल का? नूव्हो मंद आहे म्हणून हसणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

१३/
तिसरे कारण: पडद्याची मांडणी कर्नलने करणे. पूर्वी हे काम एक्स सर्व्हर करी. २००९ पासून, प्रथम इंटेलच्या कार्डांपासून, ते कर्नलकडे आले. यंत्र सुरू होताच कर्नल कार्डाशी बोलू लागतो. कार्ड अगदी नवे असेल किंवा त्याची भाषा अर्धवट कळत असेल, तर संवाद तिथेच तुटतो. ‘नोमोडसेट’ हा शब्द आरंभीच्या आज्ञेत जोडला की कर्नल मांडणी बदलत नाही, साध्या चित्रावर काम भागवतो आणि वापरणाऱ्याला आत शिरता येते. ही शिडी आहे; तिच्यावर बसून संसार करायचा नसतो. आत जाऊन योग्य ड्रायव्हर बसवावा आणि तो शब्द काढून टाकावा.

१४/
चौथे कारण: सिक्युअर बूट. २०१२ नंतरच्या यंत्रांत ही सोय सर्रास आली. ती चालू असेल तर बहुतेक लिनक्स वितरणांत मान्य सही असलेली मॉड्यूलेच चढतात. वितरणाने दिलेल्या कर्नलमधील ड्रायव्हरवर सही असते. घरी बांधलेल्या बाहेरच्या मॉड्यूलवर ती स्वतः करावी लागते आणि सहीची किल्ली यंत्रात नोंदवावी लागते. त्यासाठी पुढच्या आरंभी एक निळा पडदा उमटतो. घाबरून तो टाळला की किल्ली नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर नाकारला जातो. वापरणाऱ्याला वाटते, आपण सारे यथासांग केले होते; आणि त्याचे म्हणणे जवळजवळ खरेच असते.

१५/
आता या चार कारणांची झडती घ्यावी. यांतील तिसरे कोणत्याही कार्डाला लागू आहे. पण पहिले, दुसरे आणि चौथे कशामुळे उद्भवते? ड्रायव्हर कर्नलबाहेर आहे म्हणून. इंटेल किंवा एएमडीच्या कार्डाला रोजच्या वापरात मॉड्यूलची वेगळी बांधणी लागत नाही, प्रतिस्पर्धी ड्रायव्हरला मनाई करावी लागत नाही, की वेगळी सहीही करावी लागत नाही. लिनक्स तेच, वापरणारा तोच, चुकण्याची मानवी प्रवृत्तीही तीच. फरक पडतो तो संहिता उघडी आहे की बंद, एवढ्यानेच. ‘लिनक्सवर ग्राफिक्स चालत नाही’ या निकालाला एवढी तुलना पुरेशी आहे.

१६/
‘कंपन्यांना गुपिते उघडणे परवडत नाही’ असे सांगितले जाते. २००६ साली एएमडीने एटीआय विकत घेतली. सप्टेंबर २००७ मध्ये तिने मुक्त ड्रायव्हरला साहाय्य करण्याचे धोरण जाहीर केले आणि गुप्ततेच्या करारावाचून कार्डांचे तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कंपनी बुडाली नाही. एएमडी संत आहे असे मात्र कोणी समजू नये: तिचा जुना बंद ड्रायव्हर ‘एफजीएलआरएक्स’ कुप्रसिद्ध होता, आणि तिच्या कार्डांचे फर्मवेअर आजही बंद आहे. नव्या कार्डावर जुना कर्नल असेल तर तिथेही पडदा काळा पडतो. पण तिथे दुरुस्ती कोणालाही करता येते.

१७/
उलट दिशेचा प्रवासही नोंदवावा. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने आपल्याच उघड्या ‘एनव्ही’ ड्रायव्हरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. बंद ड्रायव्हर बसेपर्यंत वेसाचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरा, असा सल्ला दिला. त्याच वर्षी ऑप्टिमस आले: लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स यंत्रे, गरजेनुसार एकातून दुसरीकडे काम. लिनक्ससाठी याची व्यवस्था कंपनीने दिली नाही, म्हणून स्वयंसेवकांनी बंबलबी हा प्रकल्प उभारला. २०११ मध्ये त्याच्या बसवण्याच्या आज्ञेत एक जागा नको तिथे सुटली आणि काहींच्या यंत्रातील ‘यूएसआर’ हा अख्खा विभाग पुसला गेला. चूक स्वयंसेवकांचीच होती. ते काम त्यांच्या अंगावर का पडले, हेही विचारले पाहिजे.

१८/
१४ जून २०१२. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांची प्रश्नोत्तरे चालू होती. श्रोत्यांतील एका स्त्रीने आपल्या लॅपटॉपमधील ऑप्टिमसची अडचण मांडली. टोरवाल्ड्स यांनी या कंपनीचा अनुभव सर्वांत वाईट असल्याचे सांगितले आणि कॅमेऱ्याकडे वळून मधले बोट दाखवले. ते छायाचित्र आजही फिरते. त्याखाली लिहिलेले असते की या एका बोटाने कंपनीला नमवले. इतिहासात असे प्रसंग आवडीने सांगितले जातात, कारण त्यांत एक वीर, एक शत्रू आणि एक क्षण असतो. पुढे काय घडले ते मात्र सांगितले जात नाही.

१९/
पुढे घडले ते असे. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने नूव्होसाठी काही दस्तऐवज खुले केले. २०१४ च्या आरंभी आपल्या टेग्रा चिपसाठी नूव्होत स्वतःची भरही घातली. टाळ्या झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीची कार्डे आली आणि त्यांत नवी अट होती: कंपनीची सही असलेले फर्मवेअर असल्याशिवाय कार्ड आपले महत्त्वाचे भाग वापरू देणार नाही. सहीचे काही फर्मवेअर २०१६ च्या आरंभी मिळाले. पण कार्डाचा वेग वाढवण्यासाठी लागणारे मिळाले नाही. नूव्होवर ती कार्डे जागे होतानाच्या मंद वेगावरच चालत राहिली. कागद देऊन कुलूप बदलावे, तसे हे झाले.

२०/
मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपली कर्नल मॉड्यूले एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली उघडी केली. येथे दुसरी दंतकथा जन्मली. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये लॅप्सस नावाच्या टोळीने कंपनीची माहिती चोरून ड्रायव्हर उघडण्याची मागणी केली होती. म्हणून हे धमकीचे यश मानले गेले. ‘याच्यानंतर’ म्हणजे ‘याच्यामुळे’ नव्हे, हा इतिहासाच्या पहिल्या वर्षीचा धडा. उघडी मॉड्यूले फक्त ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांवर चालतात, कारण त्यांत जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर आहे. ट्युरिंग आले २०१८ मध्ये. वाट चार वर्षे आधीच आखलेली होती.

२१/
जीएसपीचा अर्थ नीट समजून घ्यावा. पूर्वी जे काम ड्रायव्हर करी त्याचा मोठा भाग आता कार्डातील या प्रोसेसरवर, कंपनीच्या बंद फर्मवेअरमध्ये चालतो. कर्नलमधील मॉड्यूल त्याला निरोप पोहोचवते. गुपिते आत हलवली गेल्यावर बाहेरचा भाग उघडणे स्वस्त झाले. ओसरी उघडी केली, माजघराला कुलूपच राहिले. आणि वापरकर्त्याच्या बाजूचा ओपनजीएल-व्हल्कनचा भागही बंदच राहिला. तरी ओसरीचे मोल कमी लेखू नये. जानेवारी २०२४ च्या कर्नल ६.७ मध्ये नूव्हो याच जीएसपीच्या आधारे नव्या कार्डांना पूर्ण वेगाने चालवू लागला.

२२/
हे दार कोणासाठी उघडले? पुरावा घोषणेतच आहे. २०२२ च्या त्या पहिल्या आवृत्तीत माहिती-केंद्रांच्या कार्डांसाठी मॉड्यूले वापरास सिद्ध होती. घरगुती जीफोर्स कार्डांसाठी ती प्राथमिक अवस्थेतील म्हणून दिली होती. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील अव्वल ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय, जो नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता, एनव्हिडियाच्याच ए१०० कार्डांवर उभा आहे. असा ग्राहक बिघाडाचे मूळ शोधून मागतो. बोट आणि धमकी यांपेक्षा या ग्राहकाचे वजन अधिक होते, असे म्हणण्यास जागा आहे.

२३/
आता काळ्या पडद्याचे पाचवे कारण, आणि या धाग्याचा खरा विषय. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ड्रायव्हरची ५८० ही शाखा शेवटची. ५९० मध्ये ती कार्डे नाहीत. ज्यांचे वितरण आपोआप नवी शाखा आणते, त्यांचा पडदा काळा पडतो. ५८० वर परत जाणे हा आजचा उपाय. पण ५८० चा आधार संपल्यावर काय? उघडी मॉड्यूले ट्युरिंगपासून पुढे. नूव्होला वेग वाढवता येतो तो २०१४ च्या सहीपूर्वीच्या काही कार्डांवर, आणि नंतर ट्युरिंगपासून पुढे. मधली पिढी दोन्ही दारांबाहेर उभी आहे.

२४/
ही मधली पिढी लहान नाही. पास्कल कुळातील जीटीएक्स १०६० हे २०१६ चे कार्ड स्टीमच्या मासिक पाहणीत कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. विंडोज ११ ने नाकारलेले यंत्र आणि हे कार्ड पुष्कळदा एकाच पेटीत आढळते. तुलनेसाठी २००२ चे रेडिऑन ९७०० घ्यावे. ते चालवणारा ‘आर३००’ ड्रायव्हर मेसा या मुक्त संग्रहात आजही आहे. १४ वर्षे जुने कार्ड उघड्या संहितेत जिवंत, १४ वर्षे नवे कार्ड सहीअभावी मरणपंथाला. ‘जुने झाले म्हणून’ हे कारण येथे टिकत नाही.

२५/
प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा कर्नलवर आहे. कर्नलने बाहेरच्या ड्रायव्हरांसाठी स्थिर आंतरपृष्ठ ठेवले असते तर दर अद्ययावतीकरणाला मोडतोड झाली नसती. हे खरे आहे. आणि ते न ठेवणे हा कर्नल-विकासकांचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्याची झळ नवख्या माणसाला बसते, हे त्यांच्या समर्थकांनी प्रामाणिकपणे कबूल करावे, आणि ‘दुसरे कार्ड घ्या’ हे उत्तर बंद करावे. पण त्याच निर्णयामुळे रचना बदलणारा स्वतःच आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. आर३०० जिवंत आहे तो या शिस्तीमुळे.

२६/
दुसरा मुद्दा व्यापारी गुपिताचा. विक्री चालू असताना गुपित राखण्याचा हक्क मान्य करू. पण २०१४ ते २०१७ या काळातील कार्डे विकून झाली, त्यांच्यापुढे कित्येक पिढ्या आल्या, आधारही आवरता घेतला जात आहे. आता त्या सहीत कोणते गुपित उरले? मागणी लहान आहे. संपूर्ण संहिता नको. या पिढ्यांचा वेग आणि पंखा सांभाळणारे सही केलेले फर्मवेअर वाटण्याची मुभा नूव्होला द्यावी, तेही ५८० शाखा विझण्यापूर्वी. कार्ड ज्याने पैसे मोजून घेतले त्याला ते पूर्ण वेगाने वापरता यावे, यापेक्षा अधिक काही मागितलेले नाही.

२७/
वाचकांसाठी शेवटची गोष्ट. पडदा काळा पडला की प्रणाली पुन्हा पुन्हा बसवू नये. पुरावा नष्ट होतो. नोमोडसेटने आत शिरावे. ‘एलएसपीसीआय -के’ या आज्ञेने कार्डाचे नेमके नाव आणि त्यावर कोणता ड्रायव्हर बसला आहे ते पाहावे. ‘जर्नलसीटीएल -बी -१’ मागच्या आरंभीची नोंद दाखवते. तीत किल्ली नाकारल्याचा, मॉड्यूल न सापडल्याचा किंवा कार्ड वगळल्याचा उल्लेख बहुधा मिळतो. कर्नलची आणि ड्रायव्हरची आवृत्ती टिपून ठेवावी. मग वरील पाच कारणांपैकी आपले कोणते ते ठरवावे, आणि मदत मागताना या नोंदी सोबत द्याव्यात.

२८/
या नोंदी ही अस्सल साधने आहेत: त्या क्षणी, यंत्राने स्वतः, कोणाची भीड न धरता लिहिलेली. त्या वाचणाऱ्याला ‘लिनक्सच वाईट’ म्हणता येत नाही आणि ‘माझीच चूक’ असेही वाटत नाही. कोणत्या ओळीपर्यंत उघड्या संहितेने काम केले आणि कोणत्या ओळीला कुलूप लागले, हे त्याला दिसते. पेशवे दफ्तर उघडले ते संशोधकांनी मागणी धरून ठेवली म्हणून. २०१६ चे कार्ड घरात असलेल्या प्रत्येकाने आपली नोंद काढावी, कुलपाची ओळ शोधावी आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचे नाव घेऊन ती मागावी.